कोयनेच्या रानात फोनचा नकाशा भलतंच दाखवतो तेव्हा

पाऊस ओसरला, वासोटा किल्ल्याला जाणाऱ्या बोटी सुरू झाल्या की साताऱ्यातल्या भटक्यांकडून दरवर्षी तीच तक्रार येते. मॅप डाउनलोड केला होता, चार्जिंग होतं, तरी रानात शिरल्यावर फोन भलतंच दाखवायला लागला. कुणाचा निळा ठिपका बामणोलीच्या धक्क्यावरच अडकून बसतो. कुणाचा ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर उड्या मारतो. कुणाचा ठिपका अगदी बरोबर असतो, पण त्याच्या पुढची रेघ थेट कड्यावरून खाली उतरते. या सगळ्याला लोक ‘जीपीएस गेलं’ म्हणतात आणि सगळ्यावर एकच उपाय करतात: फोन बंद करून परत चालू.

रेंज नसलेल्या ठिकाणी हा उपाय बऱ्याचदा नुकसानच करतो, कारण फोननं उपग्रहांशी जमवलेली सांगड तुटते आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून आधी थांबा. चालता चालता यातलं काहीच नीट होत नाही. एका जागी उभे राहा, ग्रुपला एकत्र करा आणि नेमकं काय बिघडलंय ते ओळखा.

ठिपका एकाच जागी अडकलाय

जीपीएसला रेंज लागत नाही, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं, पण पटलेलं नसतं. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवतात आणि फोन ते फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. किमान चार उपग्रह नीट ऐकू आले की तो स्वतःची जागा काढतो.

मग रेंज गेल्यावर ठिपका का अडकतो? कोणता उपग्रह या क्षणी नेमका कुठे आहे, हे फोनला आधी माहीत असावं लागतं. उपग्रहांचं पंचांगच म्हणा. रेंज असेल तर फोन ते इंटरनेटवरून काही सेकंदांत उतरवून घेतो. रेंज नसेल तर ते उपग्रहाकडूनच, अगदी संथ गतीनं मिळतं. एका उपग्रहाची स्वतःची माहिती पूर्ण यायला ३० सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ सिग्नल अखंड मिळावा लागतो. मध्ये एखाद्या अंजनीच्या झाडाची फांदी आली, तुम्ही दोन पावलं सरकलात, की ती फेरी वाया जाते. सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी मिळवायची तर साडेबारा मिनिटं. गर्द झाडीतून चालत राहणाऱ्या माणसाच्या फोनला ही संधी कधी मिळतच नाही.

उपाय साधा आहे. मोकळं आकाश दिसेल अशा जागी या: गवताचा माळ, पाण्याकाठचा उतार, पडक्या वस्तीचं अंगण. फोन खिशातून काढा, पडदा आकाशाकडे करून दगडावर ठेवा आणि काही मिनिटं त्याला हात लावू नका. त्या वेळात पाणी प्या. ठिपका सहसा येतोच.

त्याहून चांगला उपाय घरून निघतानाचा आहे. साताऱ्यात किंवा बामणोलीत रेंज असताना नकाशा एकदा उघडा आणि ठिपका स्थिर होऊ द्या. ती माहिती पुढचे तीन-चार तास कामी येते. मगच विमान मोड चालू करा. आताच्या फोनमध्ये विमान मोडवरही जीपीएस चालू राहतं आणि बॅटरी मात्र भरपूर वाचते, कारण रानात बॅटरी खाणारी मोठी गोष्ट म्हणजे फोनची टॉवर शोधण्याची धडपड. बॅटरी सेव्हर मात्र बंद ठेवा. बऱ्याच फोनमध्ये तो पडदा बंद झाला की लोकेशनही बंद करतो.

ठिपका उड्या मारतोय

इथे फोन बिघडलेला नसतो. तो ऐकतोय ते अर्धवट असतं. अरुंद नाळेत (कड्यातून उतरणाऱ्या घळीत) किंवा कड्याच्या पायथ्याशी आकाशाची पट्टीच दिसते, त्यामुळे उपग्रह एका रांगेतले सापडतात. शिवाय सिग्नल ओल्या काळ्या कातळावर आपटून उशिरा पोचतो आणि फोनला अंतर जास्त वाटतं. भिजलेली दाट पानं सिग्नल आणखी कमजोर करतात.

अशा वेळी ठिपक्याकडे नाही, त्याच्याभोवतीच्या फिकट वर्तुळाकडे बघा. ठिपका हा फोनचा अंदाज आणि वर्तुळ ही त्या अंदाजाची खात्री. वर्तुळात ओढ्याचे दोन्ही काठ येत असतील, तर तुम्ही कोणत्या काठावर आहात हे फोनला माहीत नाही. ते तुमच्या डोळ्यांनाच माहीत आहे. कड्यापासून चाळीस-पन्नास पावलं दूर या, थोडं थांबा, वर्तुळ आक्रसतंय का बघा. नाळेतच उतरायचं असेल, तर नाळेच्या तोंडाशी मोकळ्यावर जागा पक्की करून घ्या आणि खाली उतरेपर्यंत फोन खिशात ठेवा. नाळेत जायचं कुठे हे नाळच ठरवते.

उंचीचा आकडा हा याच कुटुंबातला गोंधळ आहे आणि त्यावर आपल्याकडे फार छान तोडगा आहे. काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची न दाखवता पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची कच्ची उंची दाखवतात. आपल्या भागात या दोहोंत साठ मीटरांहून अधिक फरक पडतो आणि फोनचा आकडा नकाशापेक्षा कमी येतो. नकाशावरच्या समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरच्या अंतरानं असतात, म्हणजे तीन रेषांची चूक. आपण अजून खालीच आहोत असं वाटून माणूस वाटेचा फाटा मागे टाकून वर निघून जातो.

तोडगा असा: कोयना धरण पूर्ण भरतं तेव्हा त्याच्या जलाशयाची, म्हणजे शिवसागराची पातळी २१६३ फूट, म्हणजे सुमारे ६५९ मीटर असते. पावसाळा संपल्यावर लगेचच्या दिवसांत पाणी त्याच्या आसपास असतं. मेट इंदवलीच्या काठावर बोटीतून उतरलात की उभ्या उभ्या फोनची उंची बघा. ६५० च्या आगेमागे असेल तर ॲप दुरुस्त उंची दाखवतंय. ५९० च्या आसपास असेल तर ते कच्ची उंची दाखवतंय. तो फरक वहीत लिहा आणि दिवसभर प्रत्येक आकड्यात मिळवत जा. एवढं मोठं, एका पातळीतलं मोजमाप रानात असं पायाशी सहसा मिळत नाही. (उन्हाळ्यात मात्र हे चालणार नाही. पाणी तेव्हा बरंच खाली गेलेलं असतं.)

ठिपका बरोबर, वाट खोटी

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात, आणि सगळ्यात गंभीरपणे. ठिपका अचूक असल्यामुळे नकाशावरच्या रेघेवरही तेवढाच विश्वास बसतो. पण ठिपका उपग्रहांकडून येतो आणि रेघ कुणीतरी काढलेली असते.

आधी ती रेघ कुठून आली ते बघा. दुसऱ्या कुणी चालून नोंदवलेली आणि शेअर केलेली ट्रॅकची फाइल असेल, तर ती मोठी करून बारकाईनं बघा. माणसाच्या चालीची रेघ नागमोडी, थरथरती असते. तिच्यात मध्येच पट्टीनं ओढल्यासारखा सरळ तुकडा दिसला, तर तिथे कुणीही चाललेलं नाही. त्या माणसाच्या फोननं बॅटरी वाचवण्यासाठी ॲप मागच्या मागे बंद केलं, ते परत चालू झाल्यावर ॲपनं आधीचा बिंदू आणि नंतरचा बिंदू सरळ जोडून टाकले. त्या दोन बिंदूंच्या मध्ये घळ असेल, कडा असेल, तर रेघ त्यांच्यावरून जाणारच. असा सरळ तुकडा घरी बसून सापडला पाहिजे. त्याच फाइलमध्ये गुंतावळ दिसली, एकाच जागी तीन-चार वळसे, तर तो ग्रुप तिथे वाट शोधत फिरला आहे हे ओळखा आणि तुमच्या कागदावर तिथे खूण करा.

खुल्या, म्हणजे कुणालाही भर घालता येते अशा, नकाशांवरच्या तुटक रेघांचंही तसंच. त्यातल्या बऱ्याच खऱ्या पायवाटा आहेत, पण पुनर्वसनानंतर गावं उठली, गुरं गेली आणि वाटा मोडल्या. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्या आधीपासूनच या पट्ट्यातली कितीतरी गावं हललेली आहेत. नकाशावर वाट आहे, जमिनीवर कारवी आहे, असा प्रसंग जावळीतही येतो आणि शिराळ्याच्या बाजूनं चांदोलीतही. उलट जमिनीवर जी छान मळलेली वाट दिसते ती गव्यांची असू शकते. गव्याची वाट पाण्याला जाते, गडाला नाही.

मोठ्या लोकप्रिय मॅपबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ऑफलाइन उतरवलेल्या भागात तो गाडीचा रस्ता सांगतो, पायी चालण्याचा नाही. आणि गाडीचा रस्ता शोधताना तो ठिकाणाला जवळचा रस्ता धरतो. सरळ रेषेत बघितलं तर कोकणातलं चोरवणे गाव वासोट्याजवळच्या नागेश्वराच्या गुहेपासून फार लांब नाही, पण मध्ये सह्याद्रीचा उभा उतार आहे. पायी फिरायचं तर समोच्च रेषा दाखवणारं, खुल्या नकाशावर चालणारं ॲप घ्या आणि त्यात महाराष्ट्राचा भाग घरीच उतरवून ठेवा.

शिवसागराचा काठही फोनवर खरा नसतो. नकाशात निळ्या रंगाची एक ठरावीक हद्द असते, प्रत्यक्ष पाणी मात्र जूनपासून जूनपर्यंत वरखाली होतं. एप्रिल-मेमध्ये ठिपका पाण्यात दिसतो आणि तुम्ही भेगाळलेल्या गाळावर उभे असता. तेव्हा उघड्या पडलेल्या जुन्या वाटा दिसतात, कुठे बांध दिसतात. त्या धरून चालत सुटू नका. वरून सुकलेला गाळ आतून ओला असतो आणि त्या वाटा पुढे पाण्यातच जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘वाट चुकलात तर ओढ्याबरोबर खाली उतरा, वस्ती लागते’ हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. तो सह्याद्रीच्या माथ्यावर जीवघेणा आहे. कोयना महाबळेश्वरातून निघून दक्षिणेला हेळवाकपर्यंत वाहते आणि मग पूर्वेला वळते. म्हणजे वासोट्याच्या पट्ट्यात नदीचं खोरं पूर्वेला आणि कोकणचा कडा पश्चिमेला. माथ्यावरचा जो ओढा पूर्वेला जातो तो उतरत उतरत शिवसागरात मिळतो. जो पश्चिमेला जातो तो थोड्याच अंतरावर धबधबा होतो. ओढ्याच्या उगमाशी दोन्ही सारखेच दिसतात: सारखी झाडी, सारखे गोटे, सारखा मंद उतार. धुक्यात तर काहीच फरक कळत नाही.

म्हणून ओढा धरण्याआधी एकच प्रश्न: पाणी कोणत्या दिशेला चाललंय? याचं उत्तर ठिपका देत नाही. ते होकायंत्र देतं, दोन सेकंदांत. पूर्वेला पाणी, पश्चिमेला कडा. वासोट्याला जाणाऱ्या प्रत्येकाला बोटीत बसण्याआधी एवढं तोंडपाठ असायला हवं. आणि पूर्वेचा ओढासुद्धा शेवटचा पर्याय. आलेली वाट आठवत असेल तर आल्या वाटेनं मागे फिरणं केव्हाही बरं.

कागदी नकाशावर हे आधीच दिसतं. १:५०,००० च्या नकाशात दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. अर्ध्या सेंटीमीटरात दहा समोच्च रेषा दाटल्या असतील, तर २५० मीटरच्या आडव्या अंतरात जमीन २०० मीटर घसरते. तिथे साधी उतरण नाही. असेल तर एखादी नाळ आणि तिची माहिती असलेला वाटाड्या. फोनच्या पडद्यावर मोठं करून बघताना या रेषा लांब लांब होतात आणि डोळ्याला उतार सौम्य वाटतो. हा धोका अनुभवी माणसांनाही लक्षात येत नाही. पडद्यावर नेहमी खालच्या कोपऱ्यातली मापाची पट्टी आधी बघा, मग रेषा.

पाठलाग करणाऱ्यांची गोष्ट वेगळी

जिथे शिकारीचा परवाना मिळतो त्या देशांत हा विषय शिकाऱ्यांच्या बोलण्यात कायम असतो. अमेरिकेत नवख्या शिकाऱ्यांच्या शिक्षणात नकाशा आणि होकायंत्र येतं, आणि जमीन कुणाच्या मालकीची हे दाखवणारी ॲपही तिथे सर्रास वापरतात. कारण शिकारी वाटेनं चालत नाही. तो जनावराच्या मागावर जातो, नजर जमिनीवरच्या खुणेवर असते, आणि तासाभरानं मान वर करतो तेव्हा आपण कुठून आलो हे त्याला सांगता येत नाही.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे आणि ते योग्यच आहे. पण माग काढणारी माणसं आहेतच. शेकरूच्या मागे वर बघत जाणारे फोटोग्राफर, पक्षी बघणारे, आमरीच्या फुलांसाठी वाट सोडून आत शिरणारे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलं की हातची वाट सुटते. यांच्यासाठी फोनचं ट्रॅक नोंदवणं उत्तम काम करतं, पण ते वाट सोडण्याआधी चालू केलेलं असावं लागतं. त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा, नाहीतर वर सांगितलेला सरळ तुकडा तुमच्याच ट्रॅकमध्ये पडेल.

याच्या जोडीला शिकाऱ्यांची जुनी शिस्त घ्या. वाट सोडताना मागची मोठी रेघ ठरवा: रस्ता, नदी, तलावाचा काठ, डोंगराची धार. आपण तिच्या कोणत्या बाजूला शिरतोय ते होकायंत्रावर बघा. समजा शिवसागराच्या काठावरून पश्चिमेला आत गेलात, तर परतीची दिशा पूर्व. आणि परतताना बोटीच्या नेमक्या जागेवर नेम धरू नका, मुद्दाम डावीकडे धरा. काठ लागला की आता बोट उजवीकडेच आहे हे नक्की असतं. थेट नेम धरून थोडं चुकलात, तर काठावर उभं राहून डावीकडे जाऊ की उजवीकडे, हा प्रश्न पडतो आणि बोटवाला सूर्य मावळायच्या आत निघायच्या घाईत असतो.

बाण उलटा दाखवतोय

ठिपका जाग्यावर, पण त्याचा बाण भलतीकडे. याचा उपग्रहांशी संबंध नाही. फोनमधला चुंबकीय सेन्सर गोंधळलेला असतो आणि बऱ्याच वेळा कारण हातातच असतं.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या मधल्या रस्त्यावर एक पोरगा फोन हातात घेऊन गोल गोल फिरत होता. बाण काही केल्या फिरत नव्हता, एकाच बाजूला चिकटलेला. त्याच्या फोनला पाकिटासारखं झाकण होतं, बंद करताना टक्कन चिकटणारं. झाकण पूर्ण काढून फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दोन-तीनदा फिरवायला सांगितला. बाण थरथरला आणि सरळ ठोसेघरच्या बाजूला वळून थांबला. चुंबकाचं कव्हर, गाडीतल्या स्टँडची चिकटवलेली पत्री, शेजारी ठेवलेली पॉवर बँक, ब्लूटूथचा स्पीकर, सगळे याच कामाचे गुन्हेगार.

याच पठारावर, आणि तिकडे गुढे-पाचगणीलाही, दुसरी अडचण असते. धुकं उतरलं की पवनचक्की ही खूण म्हणून निरुपयोगी होते, कारण सगळ्या सारख्याच. खांबावर नंबर रंगवलेला असेल तर येताना लिहून घ्या. आणि खांबाला टेकून दिशा बघू नका. तेवढं लोखंड कुठल्याही सुईला ओढतं.

लोखंडाची भानगड जमिनीतही आहे. आपला काळा कातळ लाव्हारसाचा, त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं. बहुतेक ठिकाणी त्याचा परिणाम जाणवत नाही, पण उघड्या सुळक्यावर, विशेषतः वीज पडलेल्या माथ्यावर, सुई दगडाजवळ काही अंश वळू शकते. म्हणून होकायंत्र कधीही दगडावर ठेवून बघू नये. छातीशी धरा, दिशा वाचा, दहा-पंधरा पावलं बाजूला जाऊन परत वाचा. दोन्ही आकडे जुळले तर विश्वास ठेवा.

कागद आणि होकायंत्र हाताशी कसे आणायचे

नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा घ्या. ओपन सिरीज नावाचे १:५०,००० चे नकाशे विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतात. वासोट्याचा भाग जुन्या क्रमांकात ४७ जी/१० या पत्रकात येतो. हवा तेवढा भाग रंगीत छापा, माप बदलू देऊ नका, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. जुना छापील टोपोशीट कुणाकडून मिळाला तर एक लक्षात ठेवा: त्याची मोजणी एव्हरेस्ट नावाच्या जुन्या पृथ्वी-आकारावर आहे आणि फोनची डब्ल्यूजीएस ८४ नावाच्या नव्या आकारावर. फोनचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे त्यावर मांडले तर जागा शंभरेक मीटर सरकू शकते. डोंगराच्या धारेवर शंभर मीटर म्हणजे धारेची दुसरी बाजू.

होकायंत्र पारदर्शक पट्टीचं, फिरत्या तबकडीचं घ्या. किल्ल्यावर, बसस्टँडवर मिळणाऱ्या शोभेच्या पितळी डब्या घेऊ नका. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक अगदी किरकोळ आहे. इतर देशांच्या व्हिडिओंत त्या बेरीज-वजाबाकीवर बराच वेळ घालवतात, इथे पायी फिरणाऱ्याला ती सोडून दिली तरी चालते.

सरावासाठी रानात जायची गरज नाही. अजिंक्यताऱ्यावर एका स्वच्छ सकाळी जा. नकाशा जमिनीवर पसरा, होकायंत्राची कड नकाशाच्या उभ्या रेषेला लावा आणि नकाशासकट सगळं फिरवा, सुई त्या रेषेला समांतर होईपर्यंत. आता नकाशा आणि मुलूख एका दिशेत आले. पश्चिम-नैऋत्येला सज्जनगड, वायव्येकडे यवतेश्वर, पूर्वेच्या बाजूला जरंडा, उत्तरेकडे लांब चंदन-वंदनची जोडी. एकेक डोंगर आधी डोळ्यांनी ओळखा, मग नकाशावर बोट ठेवा.

मग उलटं करा. आपण कुठे आहोत हे माहीत नाही असं धरा. सज्जनगडावर होकायंत्राचा नेम धरून अंश वाचा, नकाशावर सज्जनगडापासून त्याच कोनात मागे रेघ ओढा. चंदन-वंदनची तशीच दुसरी रेघ. दोन्ही जिथे छेदतात तिथे तुम्ही. छेद पोवई नाक्यावर पडला तर कुठेतरी सुई खिशातल्या किल्ल्यांनी ओढली. सज्जनगड आणि जरंडा ही जोडी मात्र घेऊ नका. अजिंक्यताऱ्यावरून ते जवळजवळ समोरासमोर आहेत, दोन्ही रेघा एकमेकींवर बसतात आणि छेद कळत नाही. दोन खुणांमध्ये काटकोनाच्या आसपास अंतर असावं. हा सराव हातात बसला की फोनच्या ठिपक्याची परीक्षा घेता येते, आणि परीक्षा घेता येणाऱ्या माणसाच्याच हातात फोन खरा उपयोगी पडतो.

सूर्यावरून दिशा काढण्याच्या युक्त्यांबद्दलही सांगायला हवं, कारण त्या आपल्याकडे अर्धं वर्ष फसवतात. घड्याळाच्या काट्यांवरून दक्षिण काढायची पद्धत थंड देशांतली आहे. आपण साडेसतरा अक्षांशाच्या थोडं वर राहतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेलाच असतो. त्या दिवसांत दुपारच्या सावलीवरून दिशा काढू नका. थंडीत मात्र सावली चांगली साथ देते: सव्वाबारा ते पाऊण या वेळात सावली उत्तरेकडे पडते. बारा वाजता नाही, कारण आपली घड्याळं आपल्या खऱ्या मध्यान्हापेक्षा साधारण अर्धा तास पुढे आहेत. ध्रुवताराही आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंश वर असतो. खोऱ्यात उभं राहिलात तर उत्तरेचा डोंगर किंवा झाडीच त्याला झाकते.

फोन संपलाय किंवा मदत हवी आहे

अभयारण्यात परवानगी घेऊनच जायचं आणि वाटाड्या बरोबर असायचा, मुक्काम करायचा नाही. हे पाळलं तर ही वेळ क्वचित येते. ग्रुपमध्ये एक फोन पूर्ण चार्ज करून, बंद करून, पिशवीत घालून वेगळा ठेवा. तो फोटोसाठी नाही.

धारेवर आल्यावर कधी कधी कोकणच्या बाजूची रेंज येते. तेव्हा ११२ लावा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. बोलणं तुटत असेल तर घरी एसएमएस करा. एक दांडीच्या रेंजमध्येही तो जातो, लोकेशनची लिंक मात्र पलीकडे उघडेलच असं नाही. म्हणून अक्षांश-रेखांश आकड्यांत लिहा, आणि इथे एक चूक फार महागात पडते. फोन जागा दोन पद्धतींनी दाखवतात: १७.६६७ असं दशांशात किंवा १७ अंश ४० मिनिटं असं. या दोन्ही एकच जागा आहेत. पण फोनवर घाईत ‘सतरा चाळीस’ सांगितलं आणि ऐकणाऱ्यानं १७.४० लिहिलं, तर शोधणारी माणसं जवळपास तीस किलोमीटर दक्षिणेला जातील. अंश, मिनिटं, सेकंद हे शब्द उच्चारा, किंवा ‘दशांश’ म्हणा आणि आकडे एकेक करून सांगा: एक, सात, दशांश, सहा, सहा, सात.

आकड्यांबरोबर दोन ओळी जमिनीच्या लिहा: ओढ्याच्या कोणत्या बाजूला आहात, पाणी कोणत्या दिशेला वाहतंय, शेवटची ओळखीची खूण कोणती होती, किती जण आहात, कुणाला लागलंय का. बामणोलीचा माणूस या दोन ओळींवरून जागा ओळखतो, आकडे तपासायला वापरतो. निरोप गेला की जागा सोडू नका. रेंज शोधायला एकट्यानं पुढे जाऊ नका, फोन बंद करून ठेवा, दर तासाला पाच मिनिटं चालू करा आणि ती वेळही निरोपात कळवा, म्हणजे शोधणाऱ्यांना तुम्हाला कधी फोन लावायचा ते कळेल.